शेडमधला समुद्र

कर्जत, ३ मार्च २०२५

अलीमचाचा, सलाम.

मी ज्ञानेश्वरी, रंगनाथ सुद्रिकांची मुलगी. केडगावात तुमच्या शेजारच्या खोलीत राहायचो आम्ही. तुमच्या सायकलच्या दिव्याची वायर कात्रीने कापून बघितली होती ती मीच. आता आठवलं असेल!

जुन्या वहीत तुमचा नंबर सापडला म्हणून परवा फोन लावला, तर तुमच्या नातीने, उझ्माने उचलला. ती म्हणाली, दादांना आता अजिबात ऐकू येत नाही आणि मोबाईलवरची अक्षरं टोचतात म्हणून ते वाचत नाहीत, पण कागदावर लिहिलेलं तीन-तीनदा वाचतात. म्हणून हे पत्र. शाळेनंतर पहिल्यांदाच लिहितेय, चुका पोटात घाला.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. बाबांचं इथे वेल्डिंगचं शेड आहे, पेरणीच्या पाभरी आणि ट्रॉल्या बनवतात. मला त्या शेडच्या कोपऱ्यात एक हलणारी खुर्ची करायची आहे. मोबाईलवर गाड्यांच्या शर्यतीचे खेळ असतात ना, तसल्या खेळासाठी. आपण खुर्चीत बसायचं आणि खेळातली गाडी जशी जाईल तशी खुर्ची हलणार. निदान दोन फूट वर-खाली व्हायला हवी, सावकाश, एका हेलकाव्याला पाच-सहा सेकंद. ज्यांनी घरी बनवल्यात त्यांचे व्हिडिओ बघितले. निम्मे म्हणतात मोटर लावा, निम्मे म्हणतात हवेचे सिलिंडर लावा. तुम्ही कंपनीत सगळी उमर हवेच्या मशिनींवर काढलीत. तुम्ही सांगाल ते मी करीन.

तुमची,
ज्ञानेश्वरी


केडगाव, १० मार्च २०२५

बेटा ज्ञानेश्वरी,

वायर आठवली. दिवाही आठवला. तो मी परत जोडला नाही, तसाच अंधारात सायकल चालवत राहिलो.

तुझं पत्र उझ्माने आणून दिलं तेव्हा मला वाटलं बँकेचं असेल. तीनदा नाही, पाचदा वाचलं.

प्रश्नाचं उत्तर: मोटर घे.

कारण सांगतो. हवा दबते. सिलिंडरला म्हटलं सहा इंच वर ये, तर तो कधी पाच येतो, कधी सात. वरचा माणूस जरा सरकला की पुन्हा बसतो. मोटर सांगितलं तेवढंच करते आणि प्रत्येक वेळी तसंच करते. शिवाय हवा आवाज करते. माझे कान त्यातच गेले. कंप्रेसर पाहिजे, टाकी पाहिजे, नळ्या फुटतात, झडपा अडकतात. हवेच्या नादी लागू नकोस.

आता माझा प्रश्न. शर्यतीच्या गाडीला बारीक आणि भराभर झटके लागतात. तू मागितलंस दोन फूट आणि सहा सेकंद. अशी गाडी मी पाहिलेली नाही. मशीन बनवणाऱ्याने आधी विचारायचं असतं की यात बसणार कोण आणि कशासाठी. ते खरं लिही, मग नकाशा पाठवतो.

रंगनाथ बरा असेल. त्याला माझं नाव सांगायची गरज नाही.

अलीमचाचा


कर्जत, २२ मार्च २०२५

अलीमचाचा,

तुम्ही पकडलंत. खेळ वगैरे काही नाही. बसणार मीच आहे, आणि ती गाडी नाही, जहाज आहे.

मला नोकरी लागली आहे. समुद्राच्या पोटात काय चाललंय ते मोजणारं एक जहाज आहे, त्यावरची यंत्रं सांभाळायची. आठशे अर्जांतून नऊ जण निवडले, त्यात मी. सहा ऑक्टोबरला पहिली फेरी निघते, बारा दिवसांची. ती परीक्षाच असते. ज्याला झेपेल तो कायम, ज्याला नाही झेपणार त्याला बंदरावरूनच घरी पाठवतात.

आणि चाचा, मी कर्जतहून नगरच्या एसटीत बसले की मिरजगाव यायच्या आत माझ्या तोंडाला पिशवी असते. लहानपणापासून. गोळी घेतली तर चार तास गाढ झोप लागते. यंत्रासमोर झोपणारीला कोण ठेवील? मुलाखतीत विचारलं होतं, प्रवासात त्रास होतो का? मी म्हणाले, नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं तेवढंच, आणि तुम्हाला लिहिलेलं हे दुसरं.

मी वाचलंय की शरीराला रोज थोडं थोडं हलवलं तर ते शिकतं. पण कर्जतमध्ये समुद्र आणू कुठून? आमच्याकडे फेब्रुवारीपासूनच टँकरची वाट बघायला लागतात. म्हणून खुर्ची. आई-बाबांना नोकरीचं माहीत आहे आणि खुर्ची कशासाठी तेही. फक्त तुम्हाला लिहिते हे सांगितलेलं नाही, तुम्ही नको म्हणालात म्हणून. का नको, ते मात्र समजलं नाही.

हसू नका.

ज्ञानेश्वरी


केडगाव, २ एप्रिल २०२५

बेटा,

हसलो नाही. मेहताबचाचीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मलाही घाटात होतं, पण मी कधी जहाजावर नोकरी धरली नाही. पोरीची छाती मोठी आहे.

बऱ्याच दिवसांनी पेन्सिलला टोक केलं. नकाशा सोबत आहे. लहान मुलांची सी-सॉ असते तशी आठ फुटी तुळई घे, मधोमध खिट्टी. एका टोकाला खुर्ची, दुसऱ्या टोकाला तुझ्या वजनाइतकी वाळूची पोती, म्हणजे मोटरला तुला उचलावं लागणार नाही, फक्त हलवावं लागेल. मोटरला गिअर लावून मिनिटाला दहा फेरे ठेव. त्या चाकाला एक भुजा, भुजा तुळईला. चाक फिरेल तशी खुर्ची वर जाईल, खाली येईल. भुजेची खिट्टी काढता-घालता येईल अशी ठेव, दुरुस्तीला बरं पडतं.

चाकाला जाळी लाव. जाळी नसेल तर मोटर सुरू करायची नाही, एक मिनिटही नाही. हे वाक्य नकाशावरही लिहिलं आहे.

पहिल्या दिवशी चार मिनिटं. उलटी झाली की उतर, पाणी पी, दुसऱ्या दिवशी परत बस.

अलीमचाचा


कर्जत, ४ मे २०२५

अलीमचाचा!

जिंकले!

गिअर भंगारातल्या सिमेंट मिक्सरचा मिळाला. बाबांनी तुळई जोडली. नकाशा बघून म्हणाले, कुणी काढला? मी म्हटलं, कॉलेजच्या सरांनी. रेघांवरून बोट फिरवलं. "सर फिटर हायेत का?" एवढंच विचारलं. जाळी मी स्वतः बसवली.

पहिल्या दिवशी चार मिनिटांची तीनच झाली. शेडच्या मागे पळाले. दुसऱ्या दिवशी पाच. आई रोज बाहेर तांब्या घेऊन उभी. "चालली बाई समुद्रावर," म्हणायची. दहाव्या दिवशी वीस मिनिटं. आणि आज, चाचा, आज पूर्ण एक तास! खुर्चीत बसून अख्खा पेपर वाचला, छोट्या जाहिरातींसकट. पोटात काहीच नाही. उतरल्यावर आईने विचारलं, कसं वाटतंय, तर मी म्हटलं, भेळ खायची आहे.

पुढच्या रविवारी बाबा मला उजनी धरणाच्या फुगवट्यावर नेणार आहेत. तिथे त्यांच्या ओळखीचे एक जण मासेमारीची होडी चालवतात. खऱ्या पाण्यावर एकदा बघते आणि मग तुम्हाला कर्जतची भेळ पार्सल करते.

ज्ञानेश्वरी


कर्जत, १८ मे २०२५

अलीमचाचा,

भेळ पाठवत नाही.

दुपारी वारा सुटला होता. लाटा म्हणजे किती, गुडघ्याएवढ्या. दहा मिनिटांत मी होडीच्या काठावर आडवी. बाबांनी पाठ धरली होती. होडीवाले काका म्हणाले, ताईला किनाऱ्यावर सोडा, मग आपण जाळं काढू.

चार दिवस मी खुर्चीकडे बघितलंच नाही. मग लक्षात आलं. मोटर प्रत्येक वेळी तसंच करते, असं तुम्हीच लिहिलं होतं. माझ्या शरीराला समुद्र समजलाच नाही, तो एक हेलकावा पाठ झाला, पाढ्यासारखा. पाण्यावर पुढचा हेलकावा कुठून येणार ते कळत नव्हतं. वेग बदलत ठेवून बघितला, तर मिक्सरचा गिअर कडकड करायला लागला आणि परवा त्याचा दात तुटला. मोजून-मापून कमीजास्त हलणाऱ्या मोटरी मिळतात, पण त्या मागवून, बसवून, शिकून ऑक्टोबर उलटून जाईल.

चाचा, हवा सांगितलेलं ऐकत नाही असं तुम्ही म्हणता. मग मला तीच पाहिजे, नाही का? आमच्यासमोर शाहरुखभाईंचं पंक्चरचं दुकान आहे, त्यांचा मोठा कंप्रेसर आहे, नळी टाकू देतो म्हणालेत.

बाबांना मी फक्त एवढंच विचारलं की हवेचं करायचं का? ते पान्हा खाली ठेवून म्हणाले, "हवेतलं कळनारा मला एकच मानूस म्हाईत हाय, आन त्याला मी तोंड दाखवू शकत न्हाई." आणि पुन्हा पान्हा उचलला. तो माणूस तुम्हीच ना? काय झालं होतं?

आता साडेचार महिने राहिलेत.

ज्ञानेश्वरी


केडगाव, २९ मे २०२५

बेटा,

तू उलटं ऐकलंस. तोंड दाखवू शकत नाही तो मी आहे.

तुझ्या बापाची दोन बोटं कंपनीत गेली एवढं तुला माहीत असेल. ती पत्रा दाबायच्या तीन नंबरच्या प्रेसवर गेली. १८ जुलै २०१३. ती प्रेस हवेवर चालायची. त्या दिवशी सकाळी साडेआठला तिची झडप मी बदलली होती. अकराला प्रेस खाली आली आणि रंगनाथचा हात आत होता. त्या प्रेसला दोन बटणं होती, दोन हातांनी एकदम दाबल्याशिवाय ती खाली यायला नको, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही. तरी आली. मग झडपेशिवाय दुसरं काय असेल? साहेबांनी तसंच लिहिलं आणि मी सही केली.

दवाखान्यात गेलो होतो. तुझ्या बापाने भिंतीकडे तोंड फिरवलं. मला समजलं. महिन्याभरात तुम्ही कर्जतला गेलात. मी कंपनी सोडली. त्यानंतर हवेच्या एकाही मशीनला हात लावलेला नाही.

तू बरोबर आहेस. तुला हवाच पाहिजे. मला ते दहा मार्चलाच, दोन फूट आणि सहा सेकंद वाचल्याबरोबर कळलं होतं. हवा लवचीक असते, लाटेसारखी. आम्ही ज्याला हवेचा दोष म्हणायचो तोच तुला कामाचा आहे. तरी मी मोटर लिहिलं, कारण रंगनाथच्या मुलीला मी हवेवर बसवणार नाही. माझ्या हाताने नाही.

दुसरा कोणी फिटर बघ. मला माफ कर.

अलीम शेख


कर्जत, ८ जून २०२५

अलीमभाई,

मी रंगनाथ. पोरीनं मला तुमचं पत्र वाचून दाखवलं. मग मी शेडचं दार लावून बसलो. चार वेळा लिहायला घेतलं, आज लिहून संपवतो. माझं शिक्षन तुमाला म्हाईत हाय, अक्षर लावून घ्या.

अलीमभाई, झडप चांगली हुती.

त्या दिवशी मला लवकर निघून मिरजगावच्या बाजारात बैल बघायला जायचं हुतं. काम उरकत नव्हतं. डाव्या हाताच्या बटनात मी लाकडाची पाचर मारली. म्हंजे ते बटन दाबल्यालंच राहिलं. एका हातानं माल सारायचा आन एका हातानं बटन दाबायचं, काम दुप्पट. पंधरा मिनटं झ्याक चाललं. मग उजवा हात आत आसताना कोपर दुसऱ्या बटनावर गेलं. माझंच कोपर.

मानसं पळत यायच्या आत मी पाचर काढून खिशात टाकली. कशी काढली देव जाने. रगत गळत हुतं आन डोक्यात एकच, की लोकांनी बघू नये.

दवाखान्यात तुमी आला तवा मी तोंड फिरवलं ते रागानं न्हाई. लाजेनं. तुमी आत येताच म्हनाला, "माझी चूक झाली रंगनाथ." तवाच बोलायला पायजे हुतं. न्हाई बोललो. मग सायबांनी लिहिलं, तुमी सही केली, आन रोज एक दिवस पुढं जात गेला तसं ते लईच जड झालं. गाव गाठलं. तुमी कंपनी सोडली हे मला परवा पत्रातनं कळलं. बारा वर्षं तुमी माझा दोष खांद्यावर घेऊन फिरताय, आन मी हितं पाभरी जोडतोय.

माझी दोन बोटं माझ्याच हातानं गेली. हे पत्र तुमी कंपनीत न्या, सायबाला दाखवा, मेहताबभाभीला दाखवा. मी कुनाम्होरं पन हेच सांगीन.

शिव्या द्यायच्या तर या. न्हाई द्यायच्या तरी या. पोरीला समुद्र पायजे, आन तो तुमच्याशिवाय कुनाला जमायचा न्हाई.

रंगनाथ


केडगाव, २० जून २०२५

रंगनाथ,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मेहताब म्हणाली, बारा वर्षं तुम्ही नमाजाआधी वजू करताना हात बघत बसता ते मी बघतेय. आता तरी सांगा काय लिहिलंय. मी पत्र तिच्या हातात दिलं.

मी तुझ्यावर रागावलो आहे. ते लिहून ठेवतो, कारण समोर आल्यावर कदाचित बोलणार नाही. माझी वीस वर्षांची नोकरी होती. तिच्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे, मी चांगला फिटर आहे हे मला स्वतःला पटेनासं झालं होतं. घरातला कुकर उघडतानाही मला घाम यायचा. हे सगळं एका बैलापायी.

बैल तरी घेतलास का?

पण काल मी माळ्यावरची पेटी काढली. झडपा, पान्हे, दाबाचं घड्याळ, सगळं तसंच आहे. तेल देऊन पुसलं. सगळ्यांत आधी ती झडप आठवली. मी ती नीट बसवली होती. रंगनाथ, मी ती नीट बसवली होती! हे वाक्य मी काल दिवसभर घरात मोठ्याने म्हणत होतो. मला ऐकू येत नाही, पण बाकीच्यांचे कान किटले.

गुरुवारी, तीन जुलैला, सकाळच्या कर्जत गाडीने येतो. लक्झरी बसच्या चाकांवर रबरी फुगे असतात, तसले दोन गॅरेजमधून मिळवून बरोबर आणतोय. स्टँडवर हाका मारू नकोस, उपयोग नाही. उजवा हात वर कर. गर्दीत मी लगेच ओळखीन.

अलीम


कर्जत, १० ऑगस्ट २०२५

अलीमचाचा,

तुम्ही जाऊन चार आठवडे झाले. तुम्ही होतात ते नऊ दिवस शेडमध्ये दोन म्हातारे हातवारे करून भांडत होते आणि आई म्हणत होती, इतकी शांत भांडणं मी बघितली नाहीत.

तर ऐका, म्हणजे वाचा. तुमचं यंत्र जोरात आहे. मधल्या गोल सांध्यामुळे खुर्ची आता फक्त वर-खाली नाही, कडेलाही कलते. डावा फुगा फुगला की उजवीकडे, उजवा फुगला की डावीकडे, दोन्ही फुगले की वर, आणि हवा सोडली की खाली जाताना पोट मागेच राहतं. बाबा समोर स्टुलावर बसतात, दोन हातांत दोन झडपा. त्यांना मी सांगितलं होतं की कसंही करा, मला अंदाज येऊ देऊ नका. चाचा, ते फार मन लावून करतात. चेहरा असा ठेवतात की काहीच कळू नये. एकदा तर मला बोलण्यात गुंतवलं, "दिवाळीला कुनाकुनाला बोलवायचं गं?" आणि मी नावं मोजत असताना डावी झडप पूर्ण उघडली. वीस दिवसांत एवढी वाईट लाट आली नव्हती.

पहिल्या आठवड्यात अकरा वेळा उलटी झाली. दुसऱ्यात सहा. तिसऱ्यात दोन. या आठवड्यात एकही नाही. खुर्ची उलटू नये म्हणून तुम्ही सांगितलेल्या साखळ्या आम्ही रोज तपासतो. लाल दोरी, जी ओढली की सगळी हवा जाते आणि खुर्ची अलगद खाली बसते, ती सुरुवातीला रोज ओढायचे. आता आठ दिवसांत हात लावलेला नाही. झडपांच्या तोंडांना तुम्ही पितळी बोंडं लावलीत त्यामुळे आवाज फुस्स एवढाच येतो. तरी बाबा तुमचा हुकूम म्हणून कानांवर ते हेडफोनसारखं लावून बसतात. गावातले लोक बघायला येतात. परवा सरपंचबाई चार मिनिटं बसून गेल्या आणि जाताना भिंत धरून चालत होत्या.

अडचण एकच. पंधरा मिनिटांत टाकी रिकामी होते. मग शाहरुखभाईंचा कंप्रेसर वीस मिनिटं ती भरत बसतो. लाईट असली तर. पंधरा मिनिटं समुद्र आणि वीस मिनिटं कर्जत, असं चाललंय.

ज्ञानेश्वरी


केडगाव, १७ ऑगस्ट २०२५

बेटा,

अकरा, सहा, दोन, शून्य. हा कागद मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे.

टाकीचं सांगतो. वीस मिनिटं खाली उतरून बसू नकोस. जहाज तुला उतरू देणार नाही. मिक्सरची मोटर तिथेच आहे, रंगनाथला दुसरा गिअर बसवायला सांग. हवा संपली की भुजेची खिट्टी घाल आणि टाकी भरेपर्यंत मोटरवर डोलत राहा. भरली की खिट्टी काढ, पुन्हा हवा. म्हणजे तास-दोन तास शरीराला जमीन मिळणार नाही. मोटर की हवा असं तू विचारलं होतंस, आणि मी एकाचं नाव सांगून मोकळा झालो. दोन्ही लागतात.

दुसरं. नुसती बसू नकोस, काम कर. सोल्डरिंग कर. वर-खाली होताना बारीक टाके घालता आले तर जहाजावर तुला कोणी हलवू शकणार नाही.

रंगनाथला सांग, झडप एकदम उघडू नको, रबर फाटेल. त्याची सवय मला माहीत आहे, त्याला काम लवकर संपवायचं असतं.

अलीमचाचा


गोवा, १९ ऑक्टोबर २०२५

बाबा आणि अलीमचाचा,

हे पत्र केडगावच्या पत्त्यावर टाकते. उझ्माच्या साखरपुड्याला बाबा तिकडे आहेत आणि दोघे मिळून मांडवाचे लोखंडी खांब जोडताय, असं आईने फोनवर सांगितलं. फोनवर सगळं बोलता आलं असतं, पण चाचांना ते कागदावरच मिळायला हवं, आणि बाबांनी शेजारी बसून वाचावं.

मी कायम झाले. काल संध्याकाळी बंदराला लागलो आणि आज सकाळी यादी लागली. नऊपैकी चौघे. पुढची फेरी अकरा नोव्हेंबरला, चाळीस दिवसांची.

यादी लागायच्या आधी मी आमच्या प्रमुख पूजा मॅडमना जाऊन सांगितलं, मुलाखतीत मी खोटं बोलले होते, मला एसटीही लागते. त्यांनी विचारलं, "मग हे बारा दिवस काय होतं?" मी शेड सांगितलं, तुळई, वाळूची पोती, बसचे फुगे, झडपांवर बाबा. सगळं ऐकून म्हणाल्या, "खोटं बोललात ते वाईट केलंत, आणि तसं तुमच्या कागदावर लिहिणार आहे." लिहिलंही. मग म्हणाल्या, "नकाशा मिळेल का? पुढच्या मुलांसाठी बंदरावर एक बनवून घेऊ. ज्यांनी बनवलं ते दोघे येतील का दाखवायला?" मी तुमच्या वतीने हो म्हटलं आहे. डिसेंबरच्या शेवटी. एसटीने या, रस्त्यात घाट आहे, बाबांनी खिडकीजवळ बसावं, मला दिलेल्या लाटांची परतफेड व्हायची.

पण मला खरं सांगायचंय ते पाचव्या दिवसाचं.

पहिल्या दिवशी मला एकदा उलटी झाली. लपवत नाही. तोंड धुतलं आणि परत कामावर गेले. दुसरा, तिसरा दिवस बरा गेला. चौथ्या दिवशी वारा वाढला आणि पाचव्या दिवशी सकाळी समुद्र असा झाला की बाबांनी दोन्ही झडपा मिळून कधी केला नसेल. जहाज वर जायचं, थांबायचं, आणि मग खालून कोणी काढून घेतल्यासारखं पडायचं. मधेच आडवं कलायचं. नव्यांपैकी सात जण आडवे पडले. जुन्यांतलेही दोघे. त्याच दिवशी तळापर्यंत यंत्र सोडायचं होतं. ते तारेला बांधून खाली खाली सोडतात आणि ते पाण्याचा खारटपणा, ऊब, सगळं वर कळवत जातं. आकड्यांच्या पडद्यासमोर एक जण लागतो, तासन्‌तास नजर न हलवता. तिथे जो बसायचा तो केबिनमध्ये बादली धरून होता. पूजा मॅडमनी दारातून विचारलं, "कोण उभं आहे?" मी म्हटलं, मी आहे.

"बसाल?"

"बसते."

त्यातच यंत्राकडून येणारे आकडे तुटायला लागले. वायरीचा एक टाका सुटला होता. जहाज कलत असताना मी तो जोडला, एका हाताने टेबल धरून. चाचा, टाका बारीक आला. तुम्ही बघितला असता तर काही बोलला नसता, म्हणजे पसंत केला असता.

शेजारी एक जुने खलाशी उभे होते. त्यांनी विचारलं, "ताई कुठल्या? रत्नागिरी की मालवण?"

"कर्जत."

"हां, मुंबईजवळचं. तिथनं समुद्र जवळ पडतो."

"ते नाही काका. नगरचं कर्जत."

त्यांना ते गावच माहीत नव्हतं. मी म्हटलं, तिथे टँकर येतात. ते इतके हसले की त्यांना भिंत धरावी लागली.

अडीच तास मी आकडे मोठ्याने वाचत होते आणि मॅडम लिहून घेत होत्या. हजार मीटर. दीड हजार. दोन हजार. मग तार सैल पडली. तळ लागला. दोन हजार एकशे चाळीस मीटर. मॅडम म्हणाल्या, पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचला. आवाज हलला नाही.

मग त्यांनी मला सुटी दिली. मी डेकवर आले. वारा पडत आला होता, पण लाटा तशाच होत्या, एक संपायच्या आत दुसरी. चारी बाजूंना कुठेही जमीन नव्हती, आणि मला कडकडून भूक लागली होती. मी खाली भटारखान्यात गेले, तिथे सगळ्यांसाठी केलेलं जेवण तसंच पडून होतं, आणि मी उभ्याउभ्या तीन माणसांचा भात खाल्ला.

तुमची,
ज्ञानेश्वरी